भैरोबाच्या सुळक्याची वाट दाखवण्याचे कार्ड झुंबरबाईस मिळणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
डोंगर अभयारण्य, कुंभारदरा फाटक,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर.

अर्जदार : झुंबरबाई पुंजाराम आवारी, वय ६६ (आधार कार्डावर ६१ आहे, ती चूक आधारवाल्याची), मौजे कुंभारदरा.

विषय : वाटाड्याचे ओळखपत्र नाकारले, त्याचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. २८ नोव्हेंबर २०२५. अर्जदाराने ते स्वतः वाचले. दोनदा.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवते की, तिचे शिक्षण तिसरी पास. चौथीत शाळा सुटली, कारण शेळ्या डोंगरावर आणि मास्तर खाली. आपल्या पत्राप्रमाणे वाटाड्या दहावी पास आणि पन्नाशीच्या आतला पाहिजे. दहावीच्या कोणत्या पुस्तकात सुळक्याची वाट दिली आहे ते कळवावे. अर्जदार ते पुस्तक आणवून घेईल.

२. आमच्यात म्हैस व्याली की पहिला खरवस सुळक्यावर भैरोबाला जातो, आणि तो घरातल्या थोरल्या बाईनेच डोक्यावर न्यायचा. सासू गेल्यापासून एकतीस वर्षे तो मान अर्जदाराकडे आहे. वाटेत अजून एकदाही सांडलेला नाही. ज्यांना ही गोष्ट सोपी वाटते त्यांनी पाण्याची कळशी घेऊन आपल्या कचेरीचा जिना चढून पाहावा.

३. आता बाणांविषयी. मागच्या वर्षी आपल्याकडून दोघेजण वाटेवर पिवळे बाण रंगवायला आले. त्यांनी वाट विचारली. अर्जदार म्हणाली, "आमच्या भुरीच्या मागं चाला, ती रोज वर जाती. पण सकाळी सहाला या." ते आले साडेअकराला, मटण जेवून. तोवर भुरी अर्ध्या डोंगरावरून माघारी फिरली होती, आणि ते तिच्याच मागे बाण रंगवत चालले. म्हैस दुपारी डोहात बसते आणि मग घरी येते, हे त्या दोघांना कोणी शिकवले नसावे. तेही दहावी पास होते. तर साहेब, सरकारी बाण फाटकापासून निघून डोहाला वळसा घालतात आणि थेट अर्जदाराच्या गोठ्यात संपतात. शेवटचा बाण गव्हाणीवर आहे.

४. त्यामुळे दर रविवारी गोठ्यात गर्दी होते. दिवाळीनंतर पुण्याची अकरा माणसे पाठीला पिशव्या लावून ओळीने आत आली. त्यातल्या स्नेहल नावाच्या मुलीने विचारले, "आजी, टॉप हेच का?" अर्जदार म्हणाली, "न्हाई बाई, टॉप लई लांब हाय. हितं शेण हाय." मग तिनेच त्यांना वर नेले. कारवीला धरू नका, मुळासकट हातात येते. कातळातल्या खोबणीत आधी डावा पाय टाका, उजवा टाकला तर अडकाल. असे सांगत नेले. अकरा वर गेली, अकरा खाली आली. एकाचा बूट फाटला, पण तो बुटाचा दोष. खाली येऊन सगळे पिठलं-भाकर खाऊन हसत गेले.

५. या कामाबद्दल अर्जदारास "विनापरवाना वाट दाखवली" अशी नोटीस आली. म्हणून तिने कार्डासाठी अर्ज केला, तो आपण नाकारला. आता फाटकावरचा गोरक्षनाथ म्हणतो, "काकू, नियमानं तुमी बी पर्यटक. वर जायचं तर कार्डवाला गाईड संगं घ्या." म्हणजे खरवस घेऊन स्वतःच्या भैरोबाला जायचे, तर अर्जदाराने पुढे पार्थला चालवायचे. पार्थ हा आपला कार्डवाला गाईड, संगमनेरचा. त्याच्याकडे शिट्टी, दोर, टोपी सगळे आहे. गेल्या रविवारी तोही चौदा माणसे घेऊन गोठ्यातच आला. हळूच म्हणाला, "मामी, कुणाला सांगू नका." अर्जदाराने कोणालाही सांगितलेले नाही. फक्त या अर्जात लिहिले आहे. पोरगा चांगला आहे, त्याचे कार्ड काढून घेऊ नये. अर्जदाराच्या मागे दोन-चार वेळा चालला की तयार होईल.

६. बाण पुसा नाहीतर राहू द्या, अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही; माणसे येतात, घर भरते. मागणे एकच. ज्या डोंगरावर ती सून म्हणून चढली आणि सासू होऊन उतरली, तिथे तिला पर्यटक म्हणू नये. परीक्षा घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण कागदावर नको. रविवार, दि. १४ डिसेंबर रोजी सकाळी सहाला साहेबांनी स्वतः फाटकावर यावे. धुके असले तर उत्तमच. अर्जदार साहेबांना सुळक्यावर नेईल. वर पोचलो तर कार्डावर तिथेच सही करावी, न पोचलो तर हा अर्ज तिथेच फाडावा. वाटेत साहेबांना दम लागला तर अर्जदार थांबेल, आणि किती वेळा थांबलो हे गावात कळणार नाही.

आपली नम्र, पण गुडघ्यांनी धड,
झुंबरबाई पुंजाराम आवारी
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही.)
कुंभारदरा, दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत :
१) आधार कार्डाची झेरॉक्स.
२) तिसरी पासचा दाखला. कडेला उंदराने खाल्ला आहे, मार्क शाबूत आहेत.
३) पुण्याच्या अकरा जणांच्या सह्यांचा कागद.
४) साहेबांसाठी काठी. अर्जाला टाचता आली नाही, म्हणून गोरक्षनाथकडे ठेवली आहे.