सव्वासातची बोट

ता. २, शनिवार. झेरॉक्सच्या दुकानात, जेवणाची सुट्टी.
शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफी असावी. टायपिंगही हळू आहे, एका बोटाने चाललंय, दुसऱ्या हातात केळं आहे. माफी कोणाची मागतोय ते माहीत नाही, कारण हे माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण सुरुवात नीट असलेली बरी.
मुद्दा असा. ताई तेरा तारखेला चाललीये. लांबच्या देशात, हॉस्पिटलात नर्स म्हणून. दोन वर्षं. मध्ये सुट्टी नाही.
त्याआधी मी तिला बेटावर नेणार. आमच्या गच्चीवरून दिसतं ते. अंगठा समोर धरला की अख्खं झाकलं जातं, नारळाच्या झाडांसकट. लहानपणी आम्ही दोघं पाण्याच्या टाकीवर बसून बघायचो आणि ती म्हणायची, एकदा जाऊ. बारा वर्षं हे एकदा चाललंय. आमच्या घरात प्लॅनिंग कोणालाच जमत नाही. मला जमतं. दहा तारखेचा रविवार फिक्स. घरी जाहीर केलं की अर्धं काम झालं.

ता. ३, रविवार. सकाळी ६.५०.
धक्क्यासमोरच्या कठड्यावर बसलोय. दुसरा कोणी असता तर बोटवाल्याला जाऊन विचारलं असतं, बोट किती वाजता. विचारलं की लोक काहीही सांगतात. मी निरीक्षण करतो.
७.१५. सुटली. पाणी वरून चौथ्या पायरीला. आत बारा माणसं. टाइम अगदी परफेक्ट. लिहून घेतलं: रविवारची बोट सव्वासात.
संध्याकाळी परत येऊन बसलो. पाच वाजता बोट आली. तेही लिहून घेतलं. याला म्हणतात अभ्यास. नववीत मला शाळा सोडायला लावली तेव्हा सर म्हणाले होते की अभ्यासात लक्ष नाही. लक्ष होतं. उभं राहून मोठ्याने वाचायचं होतं, ते नव्हतं करायचं.

ता. ४, सोमवार.
दुकान बंद व्हायच्या आधी टाइमटेबल टाइप केलं. ६.१० उठणे. ६.४० निघणे. ७.०५ धक्का. ७.१५ बोट. ८.०० बेट. ८.०० ते ८.२० नुसतं बघणे. ८.२० नाश्ता (ब्रेड, अंडी). असं ५.०० पर्यंत. शेवटी १५ मिनिटं राखीव ठेवली, अडचण आली तर.
चार प्रिंट काढल्या आणि लॅमिनेट केल्या. मशीन तापायला सात मिनिटं लागतात, तेवढ्यात मालक आले. म्हणाले, लग्नाची पत्रिका आहे का रे. मी म्हटलं नाही. खरं तर मी काहीच म्हटलं नाही, मान हलवली. मालकांनी एक कॉपी उचलून वाचली आणि म्हणाले, आठ ते आठ वीस नुसतं बघणे, वा, आम्हाला जन्मात एवढा वेळ नाही मिळाला.
कौतुक असावं.

ता. ५, मंगळवार.
घरी कॉप्या वाटल्या. आईने तिची फ्रिजवर लावली. मामा आला होता, त्याला आयतंच सापडलं. म्हणाला, नियोजन मंडळाचे अध्यक्ष आले, उठा, सगळे उभे राहा. मग विचारलं की बोट अध्यक्षांची स्वतःची आहे का. मामा मला मुखदुर्बळ म्हणतो. चूक आहे. मी मोजकं बोलतो. त्याला वाटतं तोच एकटा बोलू शकतो, म्हणून तीन ठिकाणच्या नोकऱ्या गेल्या.
ताईने पूर्ण वाचलं, पुढचं मागचं. मागे कोरं होतं, तरी बघितलं. म्हणाली, छान केलंस रे. मग म्हणाली, बोटवाल्याशी बोललास ना?
मी हो म्हटलं.
हे खोटं नाही. उद्या बोलणारच आहे, फक्त एक दिवस आधी सांगितलं.

ता. ६, बुधवार.
बोटीच्या अंगावर नंबर रंगवलाय, तो रविवारीच घेऊन ठेवलाय. आज फोन. कागदावर लिहून काढलं: नमस्कार. मी बोलतोय. पुढच्या रविवारी तीन माणसं.
पहिल्याच ओळीत प्रॉब्लेम. मी बोलतोय, म्हणजे कोण? त्याला काय माहीत मी कोण.
तीनदा लावला. तिन्ही वेळा त्याने उचलला. तिथेच घोळ झाला. उचलला नसता तर मी मेसेज तरी टाकला असता. तो हॅलो हॅलो, कोण, अहो कोण, असं म्हणत राहिला. शेवटच्या वेळी म्हणाला, घरी कामं नाहीत का. अशा माणसाच्या हाती बोट देतात, कमाल आहे.
संकल्प: उद्या समोरासमोर. समोरासमोर मी चांगला असतो.

ता. ७, गुरुवार.
गेलो. दुकानातून सुटून सरळ धक्क्यावर. बोटवाला बोट उपडी टाकून खालून डांबर लावत होता. बिझी माणसाला मध्येच टोकणं बरं नाही, म्हणून वीस मिनिटं थांबलो. साधारण पंधरा पावलांवर. मग त्याने वर बघितलं. मी बघितलं. त्याने मान हलवली. मीही हलवली.
बुकिंग झालं.
उगाच लोक फोनचा बाऊ करतात.

ता. ९, शनिवार.
शेवटचा आढावा. अंडी उकडून तयार, आठ. ब्रेड. पाण्याच्या बाटल्या चार. माझी नवी टोपी, मागे झडप असलेली, मान भाजत नाही. काही विसरलं नाही ना बघितलं, चटई राहिली होती, ती घेतली.
मामा पण येतो म्हणाला. मी आईला सांगितलं की तीनच माणसांचं बोलणं झालंय. मामा म्हणाला, बोलणं? तुझं? बोलणाऱ्याची माती विकते बाबा, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. आई म्हणाली, गप बस रे, पोरगं एवढं करतंय. ताई बॅग भरत होती. तेवीस किलोच्या वर चालत नाही म्हणून स्वेटर घाल, काढ, घाल, काढ. ती मध्येच थांबून म्हणाली, उद्या एक दिवस मला बॅगेचं नाव काढायचं नाहीये. कोणाचंच नाव नाही. नुसतं बघायचंय.
८.०० ते ८.२०. मी तेच तर ठेवलंय.

ता. १०, रविवार. ७.०५.
धक्का. वेळेवर. चौघं.
पाणी नाही.
७.१५. म्हणजे समुद्र आहे, पण लांब आहे. पायऱ्यांच्या खाली चिखल. चिखलात बोट तिरकी पडलीये, झोपल्यासारखी. राखीव पंधरा मिनिटं वापरायला घेतली.
७.३०. राखीव संपली.
७.५०. मामा चिखलाकडे बघून म्हणाला, अध्यक्ष, बेट इथेच आलं की काय. खेकडे फिरताहेत. ताई त्यांच्याकडे बघत बसलीये.
८.१०. बोटवाला आला, तोंडात ब्रश. ताई सरळ जाऊन बोलली. मी इथून ऐकतोय. तो म्हणतो, आत्ता कुठली बोट, ओहोटी आहे, साडेदहाशिवाय पाणी नाही. ताई म्हणाली, पण रविवारी सव्वासातला सुटते ना. तो म्हणाला, ते गेल्या रविवारी. पाणी काय घड्याळ लावून येतं का बाई, रोज पाऊण तास पुढे सरकतं. आठवड्यात भरतीची ओहोटी होते. शेंबडं पोर सांगेल.
८.२०. ताईने विचारलं, मग साडेदहाला नेता का. तो म्हणाला, साडेदहाची फुल आहे, डान्स क्लासवाल्या बायका, बाराच्या बारा, त्यांनी सोमवारीच फोन केला. तुम्ही केला होता का? ताईने माझ्याकडे बघितलं. त्यानेही. म्हणाला, हा होय, हा परवा इथे पुतळ्यासारखा उभा होता, मला वाटलं डांबर लावणं शिकायचंय. मग म्हणाला, तीनदा फोन करून श्वास घेणारा पण तूच का रे.
मामा हसता हसता कठड्यावरून पडला असता. पडायला हवा होता.
संध्याकाळी, घरी.
ताई रागावली असती तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. समुद्राचं टाइमटेबल कोणी पायऱ्यांवर लावत नाही, हा यंत्रणेचा दोष आहे, वगैरे. ती फक्त म्हणाली, मला सांगितलं असतंस नाही जमत म्हणून, तर मी केला असता रे फोन. एवढंच. आणि बोटवाल्याचा नंबर मागितला. मी दिला. पाठ आहे.

ता. ११, सोमवार. दुकानात, ३.४०.
आज कॉलेजच्या पोरांची गर्दी. प्रोजेक्ट जमा करायचा शेवटचा दिवस, सगळ्यांना स्पायरल बाइंडिंग आत्ताच हवं. अकरा वाजता दुकानाचा फोन वाजला. मालकांनी उचलला आणि काउंटरच्या त्या टोकावरून ओरडून विचारलं, तुझी ताई आहे, म्हणते बाराच्या बोटीत जागा मिळाली, आज सोडता का याला अर्धा दिवस. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, जायचं का तुला? जा हवं तर, मी बघतो.
आठ-नऊ जणं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. एक मुलगी चक्क वळली. माझ्या हातात पंच केलेली सत्तर पानं.
मी म्हटलं, नको, काम आहे.
मालक फोनवर म्हणाले, नको म्हणतोय, साहेब बिझी आहेत.
निर्णय योग्यच होता. गर्दीच्या दिवशी दुकान सोडणं बरं दिसत नाही. शिवाय ताई समजूतदार आहे. आणि बारा वाजता मी धावत जाऊ शकलो असतो, धक्का इथून नऊ मिनिटांवर आहे. सव्वाबारापर्यंत मी हिशोब करत होतो. मग ती सत्तर पानं उलटी बाइंड झालेली दिसली.
रात्री, घरी.
जेवताना फोटो बघितले. ताई वाळूत पाय पसरून. आई चप्पल हातात घेऊन पाण्यात, मी आईला असं कधी हसताना बघितलं नव्हतं. मामा माझी टोपी घालून. एका फोटोत टाइमटेबलवर अंडी सोललीयेत. लॅमिनेशन असल्यामुळे काही झालं नाही त्याला. साधा कागद असता तर भिजला असता.
ताई म्हणाली, बेटावरून आपली गच्ची दिसते. मी म्हटलं, हो का. ती म्हणाली, अंगठा धरला की झाकली जाते.

ता. १३, बुधवार.
ताई गेली. एअरपोर्टवर तिच्याशी बोलायचे पाच मुद्दे काढून ठेवले होते, खिशात होते. आई रडत होती, मामा ट्रॉली ढकलत सगळ्यांना वाट सोडायला सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी बॅगचं हँडल नीट बसत नव्हतं ते बसवून दिलं. ते फार महत्त्वाचं असतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ. मग काच.
मुद्दे चांगले होते. पत्रात पाठवता येतील.

ता. १७, रविवार.
ताईचा फोन आला. पोचली, खोली छोटी आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. आई वीस मिनिटं बोलली, मामा पंधरा. मग फोन माझ्याकडे. तिने विचारलं, बोल, काय नवीन? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काहीच नाही? मी म्हटलं, नाही, ठेवतो.
ठेवल्यावर आठवलं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदाराने दुकान विकलं, तिथे आता मासे आणि पोपट मिळणार.