आठव्या महिन्यातलं झबलं

श्रीरामपूर,
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप पुष्पावती आक्का हीस,

धाकट्या सहादेवचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देईल तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत? राजूरला एव्हाना गारठा सुरू झाला असेल, तर पायमोजे घालत जा. मागच्या वर्षी मी शिवून पाठवलेली बंडी तुला दंडात घट्ट होते, असं तू तीन माणसांजवळ बोललीस आणि तिघांनीही ते मला येऊन सांगितलं. माप तूच पाठवलं होतंस, एवढंच नम्रपणे कळवतो. इकडे सर्व ठीक. जे ठीक नाही ते पुढे लिहितो.

फोन का केला नाहीस, म्हणशील. फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि माझी बोलतीच बंद होते. शिवाय ही गोष्ट दुकानात मोठ्याने बोलण्यासारखी नाही. गहिनीनाथ कापडवाला आज टेम्पो भरून तिकडे निघालाय, तो संध्याकाळपर्यंत हे पत्र तुझ्या हातात देईल. (फोडून वाचायची भीती नाही. त्याला चष्म्याशिवाय स्वतःच्या टेम्पोचा नंबरसुद्धा वाचता येत नाही आणि चष्मा तो घरी विसरतो.)

तर आक्का, आपल्या धनश्रीचं पोटातलं बाळ मापाला कमी भरतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन पावणेदोन किलोच्या आसपास आहे, दिवसांच्या मानाने फारच कमी. नाळेतून त्याला पुरेसं रक्त पोचत नाही. परवा शुक्रवारी सदतीस आठवडे भरतात, त्यापुढे आत ठेवण्यात फायदा नाही, धोकाच आहे. शुक्रवारी औषध देऊन कळा आणायच्या, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायचं आणि ठोके डगमगले की लगेच सिझर. बाई शांतपणे सांगतात, चित्र काढून दाखवतात. मला सगळं समजलं. पण घरात मी एकटाच माणूस थोडा आहे!

आपल्या विहीणबाई, छबूबाई, आठ दिवसांपूर्वी नेवाशाहून आल्या आणि आल्यापासून बोटांच्या पेरांवर महिने मोजत बसल्या आहेत. डॉक्टरीणबाई मोजतात शेवटच्या पाळीपासून आणि विहीणबाई मोजतात बातमी त्यांच्या कानावर गेली त्या दिवसापासून. त्यामुळे त्यांच्या बोटांवर अजून आठवाच चालू आहे. "दादा, सातव्यातलं जगतंय, नवव्यातलं जगतंय, आठव्यातलं न्हाई जगत," असं त्या चहाच्या प्रत्येक कपाबरोबर एकदा म्हणतात. (दिवसाला सात कप होतात.) त्यात शनिवारी अमावस्या. म्हणून त्यांचं म्हणणं, आठवा सरेपर्यंत, म्हणजे अजून बारा दिवस थांबायचं. जावई आदिनाथराव डेअरीवर दुधाचं फॅट काढतात, माणूस सोन्यासारखा. पण ज्याचं शेवटी ऐकलं त्याच्या बाजूचे. दवाखान्यात ते डॉक्टरीणबाईंच्या बाजूने असतात आणि रिक्षातून उतरेपर्यंत आईच्या. काल संध्याकाळी त्यांनी गाडी ठरवली. उद्या दुपारी दोन वाजता धनश्रीला घेऊन नेवाशाला जायचं, ते बारा दिवस सरेपर्यंत घराबाहेर काढायची नाही, असं ठरलंय. धनश्री भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "पोट माझं हाय ना, अण्णा? मग मला कुनी इचारनार हाय का न्हाई?" तिला शुक्रवारच हवाय. विहीणबाईंनी पुन्हा पेरं मोजायला घेतली. मी खाली बघून मापाची टेप गुंडाळत बसलो.

का गुंडाळत बसलो, ते आता सांगतो. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण वाचून झाल्यावर.

बाळ जन्मायच्या आधी त्याला कापड शिवायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. चाळीस वर्षांत कितीतरी पोटुशा बायका मी काउंटरवरून परत पाठवल्या, आधी मोकळी हो, मग ये म्हणून. पण स्वतःच्या पहिल्या नातवंडाची वेळ आली आणि माझे हात शिवशिवायला लागले. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लोक शिवायला टाकून न्यायला येत नाहीत, ते कपडे ठेवायचं माझं कपाट तुला माहीत आहे. (सरपंचांची एक सफारी आहे त्यात, सरपंच बदलले, सफारी तीच आहे.) त्याच्या तळाशी पिवळं, बारीक लाल ठिपक्यांचं कापड सापडलं. नवं कोरं होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि झबलं कापलं.

आक्का, ते कापड तुझं होतं. एकतीस वर्षांपूर्वी तू माहेरी बाळंतपणाला आलीस तेव्हा बारशाला शिव म्हणून दिलेलं. बाळ पोटातच गेलं, बारसं झालं नाही, तू कापड न्यायला आली नाहीस आणि मीही कधी विषय काढला नाही. कापताना मला ते आठवलं नाही, असं मी लिहिणार होतो. पण आठवलं होतं. वाया कशाला घालवायचं, असं स्वतःशी म्हणून मी कात्री चालवली.

मी मोजून कापलं होतं, तरी शिवून झाल्यावर झबलं दोन बोटं लहान भरलं. चाळीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही (बंडीचं माप तुझं होतं). त्याच दिवशी चार वाजता धनश्री सोनोग्राफी करून आली आणि म्हणाली, बाळ लहान दिसतंय.

मी काही असल्या गोष्टी मानणारा नाही. (दुकानात लिंबू-मिरची टांगलीय ती तुझ्या भावजयीने.) मी शांतपणे शिवण उसवली, आतलं जादा कापड मोकळं केलं, झबलं दोन बोटं वाढवलं, खुंटीला अडकवलं आणि कुलूप लावून घरी गेलो. किल्ली करदोड्याला असते. सकाळी पाहतो तर झबलं पुन्हा पहिल्याएवढं. शिवण परत घातलेली, आणि मशीनची नव्हे, हाताची. टाके बारीक, एकसारखे, आणि उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका तसा कलतो. आपल्या घरात डाव्या हाताने शिवणारी एकच, आणि ती राजूरला असते, गुडघे दुखतात म्हणून जिना उतरत नाही. मी पुन्हा उसवलं. पुन्हा शिवलेलं सापडलं. असं पाच वेळा झालं. मग मी हात लावणं सोडलं, तर बाह्या रोज एकेक टाका आत जायला लागल्या. इतकी सफाईदार हातशिलाई आता कुणी करत नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

दुसरी गोष्ट मशीनची. डॉक्टरीणबाईंनी बाळाची हालचाल मोजायला सांगितली आहे. आपलं घर दुकानाच्या मागेच, मधे एक भिंत. धनश्रीच्या लक्षात आलं की मी मशीन चालवली की बाळ हलतं आणि थांबवली की थांबतं. झालं. तेव्हापासून मी सुईत दोरा न घालता, कापड न ठेवता, मोकळी मशीन चालवत बसतो. शेजारचा स्टेशनरीवाला म्हणाला, "लगीनसराईचं लई काम आलंया जनू." मी व्हय म्हणालो. पायाला गोळे आलेत. काल मी पाऊण तास मशीन मारली आणि बाळ हललं नाही. मी दमून पाय काढून घेतले आणि मशीन आपोआप आणखी थोडी चालली, तेव्हा ते एकदा हललं. धनश्रीला मी काय सांगणार? ती भिंतीपलीकडून म्हणाली, "अण्णा, थांबू नका." लगेच रिक्षाने दवाखान्यात नेलं. ठोके अजून ठीक आहेत, पण बाई म्हणाल्या, शुक्रवार चुकवू नका.

आणि काल सकाळी झबल्याचा गळा शिवायला घेतलेला होता. बाळाचं डोकं जिथून जायचं तो गळा, आक्का. चार टाके पडले होते. आज सकाळी सात आहेत. मी मोजून पाहिलं, याच गतीने गेलं तर रविवारपर्यंत तो पुरता बंद होईल. विहीणबाईंचे बारा दिवस त्याच्या कितीतरी पुढे जातात.

हे सगळं तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं. मन हलकं झालं. तू काळजी करू नकोस आणि धावपळ करून येऊ तर मुळीच नकोस. राजूरचा घाटरस्ता, एसटीचे धक्के आणि तुझे गुडघे. कुठे त्रास घेतेस. आमचं आम्ही बघू. भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुझा,
सहादेव

ता. क. – बंडी गहिनीनाथकडे परत दे. दंडात वाढवून देतो. चूक माझीच होती.

ता. क. दुसरा – वर येऊ नकोस असं लिहिलंय ते खोडायला जागा नाही. ये. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने ये, दोनच्या आत पोच. हे स्थळ तू जमवलंस. विहीणबाई देवाचं ऐकताना थोडा विचार करतात, तुझं मात्र ऐकतात. काल त्याच म्हणाल्या, "पुष्पावतीबाई म्हनल्या आसत्या तर येगळं."

ता. क. तिसरा – टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, म्हणून लवकर लिहितो. त्या वर्षी तुझ्या पोटातलं बाळही लहानच होतं. सुईणबाई म्हणाली होती, आजच नगरला न्या. वडिलांनी जीप सांगितली होती. जीप आलीच नाही असं तुला सांगितलं आणि तू ते खरं मानलंस, आजवर एका शब्दाने विचारलं नाहीस. आक्का, जीप आली होती. आठवा संपू दे म्हणून ती मी दारातून परत पाठवली. उद्या ये, आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मार. पण त्याआधी विहीणबाईंना सांग, थांबू नका म्हणावं.