गोदा बोटीत बसलीच कशी?

सोमवार, १२ मे २००८. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटे.
याच मिनिटाला अपराध घडला. चौतीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत, माझी वेळ चुकत नाही. भाची सलोनी कुडाळहून लॅपटॉप घेऊन आली. ‘बंदरावरची गोदा’ या सिनेमावर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने गेम काढलाय. त्यात गोदा नऊवारीत उड्या मारते, नारळ गोळा करते, खेकड्यांच्या टाळक्यावर पाय देते. हेही सोसलं. पण शेवटी रघुनाथ बोटीतून हात पुढे करतो आणि ही बया चक्क जाऊन बसते!
माझी गोदा धक्क्यावर मान ताठ ठेवून म्हणते, ‘तू जा. बंदर माझं आहे.’ एकाहत्तर साली मालवणच्या टॉकीजमध्ये तो सिनेमा मी अकरा वेळा पाहिला, दर वेळी पावणेनऊची शेवटची एस.टी. धरून मसुऱ्याला परत. आणि मला शिकवतात!

मंगळवार, १३ मे.
कंपनीला रजिस्टर्ड पत्र, पोचपावतीसह. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, उतारा उतरवताना स्वल्पविरामही हलवायचा नाही. यांनी अख्खी बाई हलवली.
निश्चय: त्या गेमला पुन्हा हात लावणार नाही.

गुरुवार, १५ मे.
लावला. केवळ पुरावा म्हणून. अडीच तास. चौथ्या लेव्हलचा खेकडा बदमाश आहे.

शनिवार, १७ मे.
शेजारची रुक्मिणी आणि तिचा नवरा भाई (मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले) येऊन गेले. सगळं सांगितलं. रुक्मिणी एरवी तासभर हलत नाही. आज लगेच उठली. म्हणे, ‘सोड गो आनंदी! गेम तो गेम. पोरांचो खेळ, तुका काय करूचा आसा?’ भाई मात्र माझ्याकडे बघत बसला.
बघू दे. एकाहत्तर साली, मालवणात राहत असताना, त्याला मुंबईच्या गोदीत नोकरी लागली, तेव्हा त्याने मला विचारलं होतं, ‘गोदा करता तसा करशीत?’ मी म्हटलं, अगदी तसंच करीन. मग त्याची आगबोट सुटायच्या दिवशी घरी बसून कोकमाची सोलं वाळत घातली. तत्त्व म्हणजे तत्त्व. पश्चात्ताप नाही. त्या गोदेच्या एका वाक्यावर मी एकटीने आयुष्य काढलंय. ते वाक्य कोणी बदललेलं चालणार नाही.

गुरुवार, २२ मे.
कंपनीतून फोन. प्रितेश नावाचा कोणी. ‘मॅडम, शेवट सिनेमात आहे तसाच ठेवलाय.’ मी म्हटलं, तुम्ही जन्मला होता का तेव्हा? नव्हता. फोन ठेवला.
ठरलं. सलोनी कुठूनतरी सिनेमाची सीडी मिळवते आहे. रविवारी चार वाजता माझ्या पडवीत जाहीर खेळ. अख्ख्या वाडीला आमंत्रण.

शनिवार, २४ मे.
रुक्मिणीने सकाळी घावणे आणले. दुपारी पुन्हा घावणे. ‘कित्याक उगाच? जुनी सीडी, धड दिसाचा पण नाय. रद्द कर गो.’ मला हरू द्यायचं नाही, म्हणून धडपडते बिचारी. मैत्रीण असावी तर अशी.
भाई म्हणाला, ‘शेवट माका पाठ आसा. तरी येतंय.’

रविवार, २५ मे. संध्याकाळी ७.
चाळीस माणसं. तेव्हा पावणेनऊची एस.टी. धरायला ज्या प्रसंगाला उठावं लागे, तिथपर्यंत मी प्रत्येक संवाद पडद्याआधी म्हटला. त्यापुढे मला एकही येईना. भाई सोडून वाडीतल्या कोणालाच येईना. सगळे त्याच एस.टी.चे.
गोदा धक्क्यावर आली. रघुनाथने हात पुढे केला. गोदा बोटीत बसली.
 वाडीतला दाजी म्हणाला, ‘म्हणजे गेमवालो बरोबर!’
तेव्हा आठवलं. मुक्कामाला मालवणात मामा फक्त रुक्मिणीला होता. शेवट तिने पाहिला आणि मला सांगितला, साभिनय. ‘बंदर माझं आहे’ हे वाक्य तिचं.
भाईने मला एवढंच सांगितलं, ‘दोन तिकिटां काढलेली, गो.’ मग बायकोकडे वळला. तिने ‘चुलीर घावणो करपतलो’ म्हणून पळ काढला.
दुसरं तिकीट वाया गेलं नाही. त्याच मार्गशीर्षात लग्न करून मुंबईला गेली रुक्मिणी.
माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते खराब प्रिंटमुळे.

सोमवार, २६ मे. सकाळी ८.
कंपनीला दिलगिरीचं पत्र. दोन ओळी. चौथ्या लेव्हलच्या खेकड्याबद्दलची तक्रार कायम.
दुसरं पत्र सौ. रुक्मिणी, शेजारचं घर. हेही रजिस्टर्ड, पोचपावतीसह. कुंपणावरून देणार नाही. मजकूर:
‘मूळ सिनेमाचा शेवट आपण कोणाच्या परवानगीने बदललात, आणि आपण मामाकडे मुक्कामाला राहत होता हे ठाऊक असूनही आपल्यासोबत थांबून मी तो अकरापैकी एकदाही स्वतः का पाहिला नाही, या दोन्ही प्रश्नांची (दुसरा आपणांस लागू नसला तरी) उत्तरे शनिवार, ३१ मे, सायंकाळी पाचच्या आत लेखी मिळावीत. घावणे स्वीकारले जाणार नाहीत.’