सारिकाचा अर्ज

मंगळवार, संध्याकाळ

सारिकाचा विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भरायला आज ती आणि तिचे वडील माझ्या घरी आले होते. उद्या शेवटचा दिवस. फोनवर अर्ज भरताना, अपंगत्व आहे का, या प्रश्नापुढे तिने 'नाही' केलं. डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनातल्या अडचणीचा, दाखला तर पिशवीत होता! त्यावर परीक्षेत जादा वेळ मिळतो, बारावीला मिळालाही होता. मग आता 'नाही' का?

वडील मेंढरं भावाकडे सोपवून आटपाडीला आलेले. म्हणाले, "बाई, तुमीच समजावून सांगा. माझं ऐकत न्हाई."

मी विचारलं, तशी ती खाली बघत म्हणाली, "तिथल्या पोरींना कशाला कळाय पायजे? अकरावीत तुमीच वर्गात म्हणला व्हता, हिला वाचायचा आळस हाय. समद्या लय हसल्या."

मला आठवतसुद्धा नव्हतं. आळस! एकेक पान चार-चारदा वाचणारी पोर ही.

मी तिच्या वडिलांसमोरच म्हणाले, "सारिका, चुकलं माझं. मला तेव्हा कळलं नाही." याहून बरं काही सुचलंच नाही.

ते 'नाही' आपणच बदलून टाकावं, असंही मनात आलं. पण हात आवरला. जरा वेळाने तिनेच फोन ओढला, 'होय' केलं, दाखल्याचा फोटो जोडला.

"आता राहिलेला अर्ज मी वाचते. मदी कुणी बोलू नका."

ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचत गेली. अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं. अर्धा तास लागला असेल. तिचे वडील आणि मी, दोघंही नुसते ऐकत बसलो.