झुंबरला पाताळातून वर काढण्याबाबत

मी, वत्सला सावळीराम गांगुर्डे, वय ६४, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढच्या आठवड्यातले ऑपरेशन पोटाचे आहे, डोक्याचे नाही, हे माझा धाकटा भाऊ झुंबर याने लक्षात घ्यावे.

१. राहत्या दोन खोल्या आणि शिलाई मशीन झुंबरची मुलगी सरू हिला. मशीनमध्ये कोणीही पुन्हा खोबरेल घालू नये. कोणीही म्हणजे झुंबरने.

२. माझ्या 'काजळपाताळ' या मुलांच्या कादंबरीचे हक्कही सरूलाच. काजळ्या राजा झुंबर नावाच्या मुलाला पाताळात पळवून नेतो आणि त्याची बहीण चंद्री त्याला सोडवायला उतरते, अशी ती गोष्ट. भावाचेच नाव दिले ही माझी चूक. दोन भाग निघाले, झुंबर अजून खालीच. प्रकाशक म्हणतात, "बाई, पोरगा वर आला की पुस्तक संपलं. अजून दोन भाग राहू द्या खाली." आणि ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला खरा झुंबर दर रविवारी येऊन डोके खातो, "आक्का, नातवंडं हसतात मला. नऊ वर्षं झाली, काढ की आता वर."

३. त्याला मी मुद्दाम खाली ठेवला, हे इथे लिहून टाकते. आम्ही दोघे चौथीत, एकाच वर्गात होतो. वडिलांनी मला शाळेतून काढून झेंडूच्या मळ्यात घातले. पोरीला शिकायचे आहे का, हे विचारायला गुरुजी घरी आले. मी मळ्यात होते. झुंबर म्हणाला, "तिला नाय आवडत शाळा." गुरुजी परत गेले. गणितात मी त्याच्या पुढे होते, एवढाच माझा गुन्हा. पुन्हा शाळेत बसेपर्यंतची माझी सहा वर्षे त्या एका वाक्यात गेली आणि त्याबद्दल हा गृहस्थ आजवर एक अक्षर बोललेला नाही. पेरू मात्र आणतो.

४. तिसरा भाग कोणीही लिहू नये. तो मी इथेच संपवते. पाताळाचा नियम असा की एकाने वर यायचे तर दुसऱ्याने खाली राहायचे. म्हणून चंद्री नऊ वर्षे दारात अडून होती. आता तिने झुंबरला हाताला धरून पायरीवर चढवले आणि दार आतून लावून घेतले. त्याने माफी मागितलेली नाही. पण मला नाहीतरी जायचेच आहे, तर एकाच खेपेत दोन्ही कामे होतील. त्याने दारापाशी रडत बसू नये, घरी जाऊन जेवावे.

वरील मजकूर वाचून सही केली.
वत्सला सावळीराम गांगुर्डे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. विमलाबाई फकिरा दोंदे, शेजारी
२. चिमाजी गेणू पगारे, पोस्टमन

नाशिक, १७ ऑगस्ट १९८३