चुन्याखालची अक्षरं

३ फेब्रुवारी
आमच्या जुन्या कामगार-खोल्या पाडल्या, तिथं आता उत्खनन. साध्या माणसांचा शोध घेतायत म्हणे. म्हणजे आमचाच. खोदकाम बघणाऱ्या बाईंना सांगून टाकलं, पुस्तकं कशाला चाळता, बावीस वर्षं राहिलोय, मला विचारा. उद्यापासून सकाळी आठला हजर.

४ फेब्रुवारी
साडेदहा झाले. गुडघा.

९ फेब्रुवारी
आमची खोली सापडली! भिंत कमरेएवढी शाबूत. स्टोव्हच्या कोपऱ्यात बाईंनी चुन्याचे थर सोलले. वरच्या थराखाली पेन्सिलीची वळणदार अक्षरं, त्याखाली वाकडीतिकडी, तळाला नुसत्या रेघा. कोणाची, बाईंनी विचारलं. म्हटलं, माझीच. शाळा न पाहिलेला फिटर मी. बाईंचे डोळे भरले. मग मागे कसं फिरणार?
तसा मी कारखान्यातल्या पाट्या वाचून शिकलो. पण भिंतीवरही गिरवलं असेल. आठवतंय कुणाला. आणि दुसरं कोण लिहिणार? आमची ही तर निरक्षर गेली, दोन वर्षं झाली. शिकवणार होतो तिला. दर एक तारखेला ठरवायचो.

१२ फेब्रुवारी
भिंत प्रदर्शनात. कार्डावर माझं नाव! भाषण लिहायला घेतलं. लेकीला फोन केला. तिनं कुठली भिंत ते विचारलं. मग म्हणाली, "बाबा, ते आईचं आहे. तुम्ही पाळीला गेलात की गिरवायची. वरून चुनाही तीच मारायची."
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"ती म्हणायची, त्यांना मला शिकवायचंय. राहू दे त्यांची हौस."

१३ फेब्रुवारी
लेक तेव्हा सहा वर्षांची. पोरांना काय आठवतं. बाईंना सांगायची घाई नको. शिवाय गुडघा.

१७ फेब्रुवारी
सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, कार्ड बदलू, फक्त ताडून पाहायला त्यांचं अक्षर आणा. नुसती सही चालेल.
सोपं आहे. तासाभराचं काम.

१९ फेब्रुवारी
दोन दिवस ट्रंक उपसली. बँकेचे फॉर्म, पेन्शनचे कागद, लेकीच्या शाळेचा अर्ज. सगळीकडे अंगठा. शेजारी तिचं नाव माझ्या अक्षरात. शाईचं पॅड दर वेळी मीच पुढे धरलेलं. "दे गं अंगठा," म्हणायचो. ती द्यायची.

२५ फेब्रुवारी
प्रदर्शन उघडलं. कार्डावर 'अक्षर : अज्ञात रहिवासी'. बाईंनी माझ्याकडूनच तपासून घेतलं. शुद्धलेखन बरोबर आहे.