दोराची लांबी, कड्यांमधलं अंतर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे रोज कागद काढतोय आणि रोज त्याचं भलतंच काहीतरी करतोय. एकावर बुटातला खिळा नेमका कुठे टोचतो त्याचं चित्र काढलं. एकाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. आता टेबल हलत नाही, त्यामुळे सबबही उरली नाही.

तर आमच्या मिस्त्रींचा पाय गेला. डावा, घोट्यापासून खाली. असं एकदम लिहायला नको होतं, पण दुसरं कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. मिस्त्री म्हणजे आमच्या टोळीचे मुख्य. जड यंत्रं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणं हे आमचं काम. पाच धंदे सोडून आलेल्या मला त्यांनी एक शब्द न विचारता घेतलं होतं. तू ठेवलेलं भिंगरी हे नाव मी एकदा त्यांच्यापाशी बोलून गेलो, तेव्हापासून अख्खी टोळी तेच म्हणते.

एका तळघरातून लेथ काढायचं होतं. वजन एक टन. वर तुळई, तिला चेनपुली, पुलीच्या हुकातून तारेचे दोन दोर, लेथच्या दोन टोकांच्या कड्यांना. मिस्त्रींची एक रीत आहे. उचलायच्या आधी एक दोर दोन कड्यांच्या मध्ये आडवा धरून बघायचा. अंतर दोराहून जास्त भरलं तर उचलायचं नाही, मालक खाली उभा राहून नाचला तरी नाही. लांब दोर लावले असते तर हूक छताला टेकला असता, म्हणून मी तीन-तीन हातांचे लावले. कड्यांमधलं अंतर सहा हातांना दोन बोटं कमी. हे मी नंतर मोजलं. तेव्हा मिस्त्री बाहेर ट्रक लावून घेत होते. त्यांनी वरूनच विचारलं, मापलंस का. मी हो म्हणालो.

एक दोर एक टन धरतो, तसा बिल्लाच असतो त्यावर. दोन दोर, दोन टन. लेथ एक टन. एक नि एक दोन एवढं तर मला येतं, मग मापायचं काय? मिस्त्री खाली आले, लेथ हातभर वर गेलं आणि दोर तुटला.

कचेरीचं म्हणणं, मिस्त्रींनी तपासलं नाही. तेरा तारखेला चौकशी आहे. दोष त्यांच्यावर आला तर ते कायमचे घरी. नाही आला तर नव्या लोकांना शिकवायचं बसकं काम त्यांना देणार आहेत. ते इस्पितळात आहेत, अजून महिनाभर तरी सोडणार नाहीत म्हणे. मापलंस का विचारलं होतं, हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. मी त्यांना भेटायला गेलेलो नाही.

मला काही वाटत नाही गं. जेवतो, झोपतो, बसमध्ये खिडकी मिळाली तर बसतो. तू गणित शिकवतेस. दोर जुना होता म्हणून तुटला, असं गणितातून निघतं का तेवढं बघ. भाऊजींना नमस्कार.

लोभ ठेव, रागही चालेल.
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. भाऊजींना वाचून दाखवायला घेतलं, पण जमलं नाही, त्यांनीच हातातून घेतलं.

वर्गात सदिश शिकवत होते तेव्हा तू खिडकीबाहेर होतास. नजर नव्हे, अख्खा. म्हणून पहिल्यापासून सांगते. ओढ म्हणजे नुसता आकडा नाही, तिला दिशा असते. बाण काढ. लेथचं वजन सरळ खाली. दोर ओढतो तिरका. त्या तिरक्या बाणाचे दोन भाग पाड, एक उभा, एक आडवा. दोन दोरांचे आडवे भाग एकमेकांशीच रस्सीखेच करतात, लेथला त्यांचा काडीचा उपयोग नाही. उचलतात ते फक्त उभे भाग, आणि ते प्रत्येकी अर्धा टन भरायलाच हवेत.

तुझ्या मापांवरून हूक कड्यांच्या जेमतेम वीतभर वर येतो. दोर सहा विती. म्हणजे दोराने सहा वाटे ओढावं तेव्हा एक वाटा वरचा हाती लागतो. अर्ध्या टनासाठी ओढ तीन टनांची. एकेका दोरावर. दिशा वेगळ्या असल्या की एक नि एक दोन होत नाहीत.

दोर जुना असेलही. पण गणितातून तुला हवं ते निघत नाही. मी तीन वेळा करून पाहिलं, निघावं म्हणूनच. मिस्त्रींची रीत मात्र पक्की आहे. अंतर दोराएवढंच असेल तर प्रत्येक दोरावर अर्ध्या टनाहून थोडंच जास्त येतं.

तेराला काय बोलायचं ते तुझं तू ठरव. पण न सांगता गाव सोडू नकोस. मागच्या वेळी तुझा पत्ता आम्हाला वाण्याकडून कळला होता.

जेवणं नीट कर. माया आहे ती आहेच, पत्र आलं की थोडी वाढते.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तेराला गेलो. टेबलामागे तिघे होते. लिहून घेणाऱ्या कारकुनाला सर्दी झाली होती, दर शिंकेला तो माझी माफी मागायचा. मी सांगितलं की मापलं नव्हतं आणि मापलं म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. कारकुनाची शिंक मध्ये आली म्हणून तिसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं.

तुझ्या पत्राच्या पाठीमागे काढलेले बाण दाखवले. साहेबांनी पेन्सिल घेऊन एक रेघ सरळ केली आणि कागद परत दिला. मला कामावरून काढलं. मिस्त्रींना शिकवायचं काम मिळालं. काल कचेरीच्या माणसाने इस्पितळात जाऊन त्यांना तसं सांगितलं, आणि कुणामुळे तेही. ऐकून ते काय म्हणाले ते कुणी मला सांगत नाही. टोळीतले समोरून येतात आणि बुटाची नाडी बांधायला वाकतात. एकाच्या तर चपला होत्या.

तू म्हणालीस म्हणून सांगतो. दुपारच्या गाडीने जातोय. कुठे ते गाडीत बसल्यावर ठरवीन. बॅग भरली. एवढं सांगून आलो तर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. दात घासताना आरशात बघितलं, तेव्हा मिस्त्री वरून ओरडून विचारतायत ते ऐकू आलं. बस, तेवढंच.

थांब, घरमालकीण दार वाजवतेय.

ताई, खाली मिस्त्री आलेत. महिना आहे म्हणत होते आणि हे आज इथे. रिक्षावाल्याने धरून उतरवलं, म्हणे. मालकिणीला त्यांनी सांगितलंय की भिंगरीला खाली पाठवा, नाहीतर मी वर येतो. दोन मजले आहेत आणि कठडा एकाच बाजूला. ती त्यांना थांबा म्हणतेय. ते थांबत नाहीयेत, कुबडी पायरीवर आपटल्याचा आवाज आला. आता दुसरा.

मी खाली जातोय.

भिंगरी